घटाची माती, किल्ल्याचा बुरूज

दसरा, रात्री

आज घट उठले. नऊ दिवसांत धान वीतभर आलं होतं, देवघरात ऊन नाही म्हणून पिवळंधमक. थोरली रोज उठल्या उठल्या तोंड धुवायच्या आधी घटापाशी जाऊन बसायची. चौथ्या दिवशी गव्हाचा कोंब टोपीसारखी माती डोक्यावर घेऊन वर आला, तेव्हा तिनं अख्ख्या घराला गोळा केलं होतं. आज आज्जीनं एक तुरा बाबाच्या टोपीत खोवला, एक धाकट्याच्या कानावर. उरलेली माती मी तुळशीत घालायला निघाले, तर ही आडवी आली. "आई, ही किल्ल्याला ठेव की!" ठेवली. जुन्या पातेल्यात, जिन्याखाली.

संध्याकाळी दसरा चौकात सोनं लुटायला गेलो. बाजारात आपटा म्हणून कांचनाचीही पानं येतात. घरी आल्यावर दोन्ही शेजारी शेजारी ठेवून दाखवली. आपट्याचं पान लहान, जाड, हाताला खरखरीत, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं मोठं आणि मऊ. पान पालथं ठेवलं, वर कागद, आणि खडू आडवा धरून हलक्या हातानं घासला. देठापासून पंख्यासारख्या फुटलेल्या शिरा एकेक करून कागदावर उमटल्या. तीन वर्षांच्या धाकट्यालाही हे जमलं, फक्त पान हलू नये म्हणून मी धरून बसले. झाड ओरबाडून आणलेल्या पोतंभर पानांपेक्षा ही दोन पानं जास्त कामाला आली, असं मला मनापासून वाटतं. पुढच्या वर्षी घरटी एकच डहाळी घ्यायची.

कोजागिरीनंतरचा रविवार

सकाळी पन्हाळ्याला. आपल्याला वीसेक किलोमीटरवर पन्हाळा आहे, हे कोल्हापूरच्या पोरांचं केवढं भाग्य! उतारावर सोनकी पिवळीजर्द फुललेली, गवतावर दव. तीन दरवाजापाशी थोरली भिंतीला हात लावत लावत चालली. दगडावर दगड कसे बसलेत, फटीत बोट जातंय का, हे ती तपासत होती. धाकटा मात्र एकाच ठिकाणी बसून खडे गोळा करत राहिला, त्याला उठवलं नाही.

सिद्दी जौहरच्या वेढ्याची गोष्ट सांगितली. 1660 चा जुलै, मुसळधार पाऊस, आणि त्या रात्री महाराज गडावरून निसटून विशाळगडाकडं गेले. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "एवढा पाऊस होता, मग किल्ला पडला नाही?" मी तिला परत भिंतीपाशी नेलं.

वद्य सप्तमी

चिखलाचा दिवस. तांबडी माती आणली, गंगावेशीत ओळखीच्या कुंभारमामांकडून गणपतीची उरलेली थोडी शाडू आणली मावळ्यांसाठी. परड्यातला विटांचा ढीग मात्र मीच काठीनं आपटून, एकेक वीट उलटी करून काढला. पावसाळा सरताना अशा ढिगात विंचू, सापसुद्धा असतो, त्यामुळं पोरांचे हात तिथं आधी जाऊ द्यायचे नाहीत. वीट उन्हात दहा मिनिटं पडली की मग त्यांच्या ताब्यात.

विटा-दगडांची चढण रचली, वर किलतानाचं पोतं भिजवून अंथरलं आणि दोघांना चिखल तुडवायला सोडलं. तास-दीड तास तेच चाललं होतं. किल्ला बांधायचाय हे ती दोघं विसरूनच गेली. गेल्या वर्षी मी याच वेळी घाई केली होती. मग रात्री थोरली झोपल्यावर तिचा वाकडा बुरूज मोडून सरळ करून ठेवला. सकाळी तिनं बघितलं आणि म्हणाली, "हा माझा न्हाई." नंतर चार दिवस किल्ल्याकडं फिरकली नाही. ते मला अजून लागतं. म्हणून यंदा दिवाळीच्या आठ दिवस आधीच सुरुवात केली. घाई नसली की माझा हात मध्ये जात नाही.

घटाची माती तिनं स्वतः बुरजात कालवली. त्यात गव्हाची मुळं होती, जाळ्यासारखी. मी ती काढायला लागले तर सासूबाई म्हणाल्या, "असू दे गं, मातीला धरून ठेवतात ती."

वद्य नवमी

काल रात्री परतीच्या पावसानं झोडपलं. सकाळी पायऱ्या वाहून गेलेल्या, तटाचा निम्मा भाग खाली. धाकटा रडला. थोरली बराच वेळ बघत उभी राहिली. घटाच्या मातीचा बुरूज एका बाजूला कलला होता, पण उभा होता. "मुळं," ती म्हणाली, आज्जीकडं बघत. मग आम्ही बाकीच्या मातीतही भुस्सा कालवला आणि परत बसलो.

दुपारी अळीव पेरला. धान्य पेरलं तर ते उतारावरून घरंगळतं, मोहरीचंही तेच. अळीव भिजला की प्रत्येक दाण्याभोवती सब्जासारखं बुळबुळीत कवच येतं, आणि त्यानं तो मातीला चिकटून बसतो. थोरलीच्या ओल्या तळहातावर चार दाणे ठेवले, पाच मिनिटं थांबलो, आणि तिला म्हटलं, आता हात उलटा कर. एकही पडला नाही. तिचं तोंड उघडंच! आज्जीच्या लाडवातला अळीव तिनं आजवर खाल्लाय, पण असा पहिल्यांदाच बघितला. वाटीत आधी भिजवून मात्र पेरायचा नाही, गोळे होतात. कोरडाच विस्कटायचा आणि वरून पाण्याचा फवारा. फवाऱ्याची बाटली धाकट्याकडं दिली. त्याच्या बोटांना दाबायला जड जाते, तरी दुसऱ्या कुणाला देत नाही.

वसुबारस

अळिवाला पांढऱ्या शेपट्या फुटून वर हिरवं टिंब आलंय. सासूबाईंनी अंगणात शेणाच्या गवळणी घातल्या. कुरडूचा एकेक तुरा गवळणीच्या डोक्यात खोवायचं काम पोरांचं. धाकट्यानं सगळे तुरे एकीच्याच डोक्यात खोवले. नंतर साबणानं हात, नखांत घासून. मला एवढाच आग्रह धरावा लागतो.

पाडवा

किल्ला बघायला गल्लीतली पोरं येऊन गेली. शाडूच्या मावळ्यांना पाय नाहीत, बसकेच आहेत सगळे. त्यातला एक तोफेपेक्षा लहान. एका पोरानं विचारलं, "बुरूज वाकडा का गं?" थोरली म्हणाली, "पावसात उभा होता त्यो."

अळीव आता दोन-तीन बोटं वाढलाय, घटाच्या धानासारखा पिवळा नाही, हिरवागार. आमच्या भिंतीच्या बाजूला सावली आहे, त्यामुळं सगळा रस्त्याकडं झुकलाय. मी तिला उजेडाचं सांगणार होते. ती पायरीवर बसून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "कोण येतंय ते बघालंय." मी काही बोलले नाही, तिच्या शेजारी जाऊन बसले.