"मामा, कुणाला सांगू नको"

एवढंच म्हणून भाचीनं फोन ठेवला आणि मी रंकाळ्याच्या कठड्यावर अर्धा तास नुसता बसून राहिलो. दहा वर्षं संसार झाला, एक पोरगा आहे, आणि नवरा हात उचलतो हे आम्हाला आत्ता कळतंय. आक्काचं एकच चाललेलं, गाडी काढ आणि पोरीला घेऊन ये. खरं सांगतो, माझंही डोकं तसंच फिरलेलं. दुसरीकडं घरातली जुनी माणसं म्हणत होती नवराबायकोच्यात आपण पडू नये. शाहू महाराजांनी 1919 ला बायकांच्या छळाविरुद्ध कायदा केला त्या कोल्हापुरात हे ऐकायला लागतंय, लई वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी कसबा बावड्याला कोर्टात जाऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस गाठलं. बाईमाणसाला कमाई कितीही असू दे, तिथं वकील फुकट मिळतो. वकील मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, "तिला काय पाहिजे?" आणि माझ्याकडं उत्तरच नव्हतं, कारण तिला विचारलंच नव्हतं कुणी.

विचारलं तर म्हणाली, त्याला जेलमध्ये नाही घालायचं मामा, मार थांबला पाहिजे आणि पोरगा माझ्याजवळ राहिला पाहिजे. मग मॅडम म्हणाल्या यासाठी 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे. त्यात मॅजिस्ट्रेटकडं अर्ज करायचा, मारहाण करू नको असा आदेश, राहायची सोय, खर्चाला पैसे, पोराचा तात्पुरता ताबा, स्त्रीधन परत, सगळं एकाच अर्जात मागता येतं. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी तिला असंच बाहेर काढता येत नाही. आदेश मोडला तर मात्र तो गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद. आणि ती माहेरी येऊन राहिली तर अर्ज इथं कोल्हापुरातच करता येतो, हे ऐकून आक्का पहिल्यांदा खाली बसली.

पोलीस केस वेगळी, भारतीय न्याय संहितेचं कलम 85, म्हणजे नवऱ्यानं किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाचं जुनं 498अ. त्यात नुसती ती नाही, आईबाप, भाऊबहीण, काका, आत्या, मामा, मावशी कुणीही तक्रार देऊ शकतं. कायद्यात मामा आहे! पण मॅडमनी बजावलं, जिवावर बेतलं तर कुणाला विचारत बसू नका, सरळ 112 लावा, एरवी तिच्या मनाविरुद्ध काही केलं तर मार तिलाच पडतो आणि तुमचा फोनही ती उचलायची बंद होते. हे मला पटलं, आधी पटायला पाहिजे होतं.

मग दोन महिने आम्ही शांतपणे तयारी केली. नवरा मोबाईल चेक करायचा म्हणून ती अंगावरच्या वळांचे फोटो आक्काला पाठवून लगेच डिलीट करायची. दवाखान्यात "पाय घसरला" सांगायची ते बंद केलं, काय झालं ते खरं सांगून केसपेपरवर लिहून घेतलं. आधार, लग्नाचा दाखला, पोराचा जन्मदाखला, पासबुक थोडं थोडं करून इकडं आलं.

एका सकाळी पोराला घेऊन एसटीनं आली, हातात एकच पिशवी. त्याच आठवड्यात या 2005 च्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांनी तिचं सगळं ऐकून अहवाल तयार केला, अर्ज लागला आणि मारहाणीला मनाई करणारा अंतरिम आदेशही मिळाला. केस अजून चालू आहे, तारखा पडतायत. मी बरोबर जातो, बाहेर बाकड्यावर बसतो, पोरगा माझ्या मांडीवर असतो.