मोठे मॉडेल हेलिकॉप्टर टेबलावरच घडते

रेडिओवर चालणाऱ्या मॉडेल हेलिकॉप्टरांच्या छंदात ‘७०० वर्ग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आकाराविषयी आज सविस्तर लिहायचे आहे. मुख्य रोटरचे एकेक पाते साधारण ७०० मिलिमीटर लांब, रोटरचा व्यास दीड मीटरहून थोडा जास्त आणि बॅटऱ्यांसह वजन पाच किलोच्या आसपास, असे हे यंत्र असते. तैवानच्या अलाइन कंपनीचे टी-रेक्स, इटलीच्या एसएबीचे गॉब्लिन आणि जर्मनीच्या मिकाडोचे लोगो ही या वर्गातली परिचित नावे आहेत. या छंदात नव्याने येणारी मंडळी मला बहुधा ट्रान्समीटर कोणता घ्यावा आणि उड्डाण स्थिर ठेवणारा कंट्रोलर कोणता चांगला, हे सर्वांत आधी विचारतात. त्यांना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत आलो आहे: पैसा कशावरही खर्च करा, पण जुळणीला वेळ द्या, कारण मोठ्या हेलिकॉप्टरचे उड्डाण कसे होणार, हे मैदानावर पोहोचण्यापूर्वीच बरेचसे ठरलेले असते.

याचे कारण या यंत्रातल्या बलांमध्ये आहे. मिनिटाला २००० फेरे या गतीने रोटर फिरत असताना पात्याचे टोक ताशी जवळपास ६०० किलोमीटर वेगाने जात असते. पाते २०० ग्रॅमचे आणि त्याचा गुरुत्वमध्य अक्षापासून ४२ सेंटिमीटरवर आहे असे धरले, तर त्या पात्याला बाहेर खेचणारी ओढ सुमारे पावणेचारशे किलो वजनाइतकी होते. ही सगळी ओढ बोटाच्या पेराएवढ्या थ्रस्ट बेअरिंगवर (अशी सरळ ओढ पेलणाऱ्या बेअरिंगवर) आणि पात्याचे मूळ ज्यात बसते ती पकड धरून ठेवणाऱ्या एका स्क्रूवर येते. फिरणाऱ्या रोटरमध्ये साठलेली ऊर्जाही, दोन्ही पात्यांचा हिशेब केला तर, हे पाच किलोचे यंत्र ४० मीटर उंच उचलायला पुरेल एवढी असते. सप्टेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका उद्यानात याच आकाराचे हेलिकॉप्टर उडवताना १९ वर्षांच्या एका तरुणाचा मृत्यू झाला होता. तो अननुभवी नव्हता. ज्याला हे यंत्र विकत घ्यायचे आहे, त्याने ही गोष्ट माहीत करून घेऊनच घ्यावे.

किटमधले काही भाग कारखान्यातूनच जोडून आलेले असतात. रोटर हेड (मुख्य शाफ्टला पाती जिथे जोडली जातात तो भाग) आणि शेपटीचा गिअरबॉक्स हे त्यांपैकी नेहमीचे. ते तसेच बसवू नयेत, असे माझे ठाम मत आहे. प्रत्येक स्क्रू काढावा, आट्यांवरचे तेल आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढावे, आणि धातूत बसणाऱ्या प्रत्येक स्क्रूला मध्यम ताकदीच्या निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या द्रवाचा) लहानसा थेंब लावून तो परत बसवावा. प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला मात्र लॉकटाइट लावायचे नसते, कारण काही प्रकारचे प्लॅस्टिक त्याने तडकते. पकडीतले थ्रस्ट बेअरिंग उघडले की दोन चकत्या आणि त्यांच्यामध्ये गोळ्यांची जाळी दिसते. दोन्ही चकत्या पाहताक्षणी सारख्याच वाटतात, पण एकीचे भोक दुसरीपेक्षा केसभर मोठे असते. दोन्ही आळीपाळीने स्पिंडलवर (पकडी ज्यावर बसतात त्या आडव्या दांड्यावर) सरकवून पाहिल्या की एक सैलसर सरकते आणि दुसरी नेमकी बसते. सैल चकती रोटरच्या मध्याकडे आणि नेमकी बसणारी बाहेर, स्क्रूच्या बाजूला, असा क्रम असतो. हा क्रम उलटला तरी पकड जोडली जाते, हातात फिरतेही. पण रोटर वेगात आला की चकती स्पिंडलवर किंवा पकडीत घासू लागते, बेअरिंग तापते आणि काही उड्डाणांत निकामी होते. ग्रीस भरपूर लावावे आणि ते ठरावीक काळाने बदलावे.

मोटरच्या छोट्या गिअरचा मोठ्या गिअरशी मेळ बसवताना मी कागदाची पातळ पट्टी दोन्हींच्या दातांत घालून मोटर घट्ट करतो आणि मग पट्टी फिरवून बाहेर काढतो. यानंतर मोठा गिअर हाताने हळूहळू पूर्ण फिरवून पाहणे महत्त्वाचे आहे, कारण कोणताही गिअर पूर्ण गोल नसतो आणि एका जागी बरोबर वाटणारा मेळ दुसऱ्या जागी आवळलेला निघतो. सर्वांत आवळलेल्या जागी किंचित प्ले (मोकळी हालचाल) राहील, तेवढे अंतर ठेवावे.

यानंतर स्वॉशप्लेट. पायलटची आज्ञा खालच्या स्थिर सर्व्होंकडून (आज्ञेप्रमाणे दांडा हलवणाऱ्या छोट्या मोटरींकडून) वरच्या फिरत्या रोटरकडे पोहोचवणारी ही तबकडी तीन सर्व्हो मिळून वर-खाली करतात आणि हव्या त्या बाजूला कलवतातही. सर्व्होचा दांडा मध्यस्थितीत लिंकशी (जोडदांडीशी) काटकोन करतो की नाही, हे आधी पाहायचे. मग मुख्य शाफ्टवर सरकणाऱ्या साधनाने स्वॉशप्लेट सपाट करायची. मग लिंकची लांबी बदलून स्टिक मध्यावर असताना पात्यांचा कोन शून्य करायचा. हा क्रम मोडला की पुढची प्रत्येक दुरुस्ती आधीच्या चुकीवर चढते आणि सॉफ्टवेअरमधल्या सबट्रिमचे (सर्व्होची मध्यस्थिती किंचित सरकवणाऱ्या सोयीचे) आकडे वाढत जातात. माझ्या पद्धतीत लिंक अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने फिरवून जेवढे जमेल तेवढे यांत्रिक पातळीवर जमवायचे आणि उरलेल्या अगदी थोड्या फरकासाठीच सबट्रिम वापरायचा. अधिक आणि उणे दोन्ही बाजूंना १२ अंशांच्या आसपास कोन मिळाला, आणि टोकाला कोणताही दुवा कुठे अडत नसला, की हे काम झाले.

पूर्वी या सगळ्यावर फ्लायबार नावाचा दांडा असे, त्याच्या दोन्ही टोकांना छोटे पंख असत आणि रोटरला स्थिर ठेवण्याचे काम तो करी. १९७० च्या सुमारास जर्मनीच्या डीटर श्ल्यूटर यांनी व्यवहारात उडवता येईल असे रेडिओ-नियंत्रित हेलिकॉप्टर साकारले आणि पुढे त्याचे किट छांदिष्टांच्या हाती दिले. त्या काळापासून कित्येक वर्षे फ्लायबार हा मॉडेल हेलिकॉप्टरचा अविभाज्य भाग राहिला. २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात तीन अक्षांचे जायरो (फिरणे ओळखणारे संवेदक) असलेले फ्लायबारलेस कंट्रोलर आले आणि तो दांडा हळूहळू नाहीसा झाला. उड्डाण अधिक चपळ झाले, रोटर हेडमधले भाग कमी झाले, हे खरेच आहे. पण फ्लायबारच्या काळात वाकडी लिंक किंवा ढिले बेअरिंग हेलिकॉप्टर स्वतःच दाखवून देत असे, ते एका बाजूला ओढले जाई. आताचा कंट्रोलर तो दोष सेकंदाला शेकडो वेळा दुरुस्त करत राहतो आणि पायलटला हेलिकॉप्टर अगदी शहाण्यासारखे वागताना दिसते. दोष आत तसाच वाढत असतो. म्हणून फ्लायबारलेसच्या जमान्यात टेबलावरची तपासणी अधिक काटेकोर हवी, कमी नव्हे.

कंट्रोलर बसवल्यावर एक तपासणी कधीही टाळू नये. हेलिकॉप्टर हातात धरून नाक खाली झुकवले, तर स्वॉशप्लेट मागे कलली पाहिजे; उजवीकडे कलवले, तर ती डावीकडे गेली पाहिजे. नाक हाताने फिरवले, तर शेपटीच्या सर्व्होची हालचाल ते परत आणण्याच्या दिशेची असली पाहिजे. यातली एखादी दिशा उलटी राहिली, तर हेलिकॉप्टर जमिनीवरून सुटण्यापूर्वीच उलटते आणि त्या वेळी कोणाचेही कौशल्य कामास येत नाही.

कंपन हा या छंदातला सर्वांत रसाळ विषय आहे आणि बहुतेक लोक तो घाईने उरकतात. कंपनाला वारंवारता असते आणि वारंवारता आपला उगम सांगते. मुख्य रोटर मिनिटाला १८०० फेरे करत असेल, तर त्याचे कंपन सेकंदाला ३० वेळा होते. शेपटीचा रोटर त्याच्या साधारण साडेचार ते पाचपट फिरतो, म्हणजे त्याचे कंपन १३५ ते १५० च्या घरात येते. मोटरचे त्याहून बरेच वर असते. बऱ्याच कंट्रोलरमध्ये कंपनाची नोंद पाहता येते. तशी सोय नसेल, तर मुख्य आणि शेपटीची दोन्ही पाती काढून मोटर चालवावी, मग शेपटीची पाती लावून, आणि शेवटी मुख्य पाती लावून उड्डाणात पाहावे. ज्या टप्प्यावर कंपन सुरू होते, दोष तिथे असतो. शेपटीचा पंखा धूसर दिसतो की त्याच्या कडा स्वच्छ दिसतात, उभ्या पंखाचे टोक दुहेरी दिसते का, लँडिंग स्किडची टोके थरथरतात का, हे बाजूने पाहणाऱ्याला चटकन कळते. शेपटीचा शाफ्ट सपाट काचेवर लोळवून पाहिला, की डोळ्यांना न दिसणारा बाक उघड होतो. मुख्य पात्यांच्या टोकांना दोन वेगळ्या रंगांची टेप लावून, हॉवर करत (हवेत एका जागी थांबलेले) असताना, सुरक्षित अंतरावरून दोन्ही टोके एकाच प्रतलात फिरतात का तेही पाहून घ्यावे. एक टोक वर दिसले, तर त्या पात्याची लिंक अर्धा फेरा जुळवून घ्यावी. पात्यांचे बोल्ट किती आवळायचे, याची जुनी कसोटी आजही चांगली आहे: हेलिकॉप्टर आडवे धरले असता पाती सरळ राहावीत आणि हलक्या झटक्याने खाली पडावीत.

कंपन गेल्यावरच गेन, म्हणजे कंट्रोलरच्या दुरुस्तीची तीव्रता, वाढवायला घ्यावा. शेपटीचा गेन जास्त झाला, तर शेपटी जलद थरथरते. कमी असला, तर ती थांबताना सैल वाटते आणि वाऱ्यात नाक भरकटते. थरथर सुरू होईपर्यंत वाढवून मग थोडे मागे येणे ही सोपी पद्धत आहे, परंतु ती थरथर गेनमुळे आहे की शेपटीच्या दुव्यांतल्या ढिलाईमुळे, हे आधी ठरवावे लागते. लिंक बॉलवर सहज फिरत नसेल, सरकणारी बाही अडकत असेल, तर आकडे बदलून काहीही साधत नाही. गव्हर्नरची (रोटरचे फेरे स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेची) गतीही याच वेळी ठरवावी. शिकणाऱ्यासाठी मिनिटाला १६०० फेरे पुरेसे आणि शांत असतात.

इथे पुण्यातल्या वाचकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. एप्रिलच्या दुपारी ३५ अंश तापमानात इथल्या हवेची घनता समुद्रसपाटीच्या प्रमाणित हवेपेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी कमी भरते. युरोपात थंड हवेत जुळवलेल्या गतीचे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे उतरवले, तर हेलिकॉप्टर जड वाटते आणि मोटर अधिक तापते. उचल गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून सहा-सात टक्के गती वाढवली की तोच अनुभव परत मिळतो.

विजेचा भाग थोडक्यात. १२ सेलच्या लिथियम पॉलिमर बॅटरीचा नाममात्र दाब ४४.४ व्होल्ट असतो, पूर्ण चार्ज झाल्यावर ५०.४ व्होल्ट. ५००० मिलिअँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे २२२ वॉट-तास ऊर्जा. तिचा ८० टक्के भाग पाच मिनिटांत वापरला, तर सरासरी दोन किलोवॉटहून अधिक शक्ती खर्च होते. या दाबावर कनेक्टर जोडताना ठिणगी उडते, म्हणून ठिणगीरोधक कनेक्टर वापरावेत. उरलेले २० टक्के बॅटरीत राहू द्यावेत, आणि आठवडाभर उडवायचे नसेल, तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवावा.

जागेचा प्रश्न शहरात कठीणच आहे. ड्रोन नियम, २०२१ मध्ये २५ किलोपर्यंतच्या, मनोरंजनासाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या यानांना ‘मॉडेल’ असा स्वतंत्र वर्ग दिलेला आहे; मात्र कोणत्या क्षेत्रात उडवता येते, हे सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळाच्या नकाशावर तपासावेच लागते. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा तळही आहे, त्यामुळे पुण्याच्या मोठ्या भागात हा विचारच सोडून द्यावा लागतो आणि सुगीनंतर मोकळ्या झालेल्या लांबच्या शेतांकडे, मालकाची परवानगी घेऊन, जावे लागते. मैदानावर रोटर फिरत असताना माणूस आणि हेलिकॉप्टर यांच्यात किमान १५ मीटर अंतर हवे, प्रेक्षक त्याहून बरेच मागे आणि पायलटच्या पाठीशी हवेत. थ्रॉटल होल्डचा, म्हणजे मोटर तत्काळ बंद करणारा, स्विच बोटाच्या सवयीचा झाला पाहिजे. फेलसेफमध्ये (रेडिओ संपर्क तुटल्यावर) मोटर बंद होते ना, हे पाती काढून आणि ट्रान्समीटर बंद करून प्रत्यक्ष पाहावे.

उडवायला शिकताना शेपटी आपल्याकडे, मग उजवी बाजू, मग डावी, आणि शेवटी नाक आपल्याकडे, असा हॉवरचा क्रम सिम्युलेटरवर पक्का करावा. मोठे हेलिकॉप्टर छोट्यापेक्षा सावकाश हलते आणि दुरूनही त्याची दिशा स्पष्ट दिसते, त्यामुळे ते शिकायला खरे तर सोपे असते. अवघड असते ती चुकीची किंमत. ऑटोरोटेशनचा सराव मात्र शक्य तितका लवकर सुरू करावा. मोटर बंद करून पात्यांचा कोन उणे तीन-चार अंश ठेवून खाली येताना खालून वर जाणारी हवाच रोटर फिरवत ठेवते आणि जमिनीच्या जवळ नाक उचलून, मग अधिक कोन देऊन, त्या फेऱ्यांतली ऊर्जा खर्च करून उतरायचे असते. वाऱ्याकडे तोंड करून, कमी उंचीवरून, प्रथम फक्त शेवटचा टप्पा घोटावा. ज्याला हे येते, त्याचे हेलिकॉप्टर मोटर किंवा ईएससी (मोटरचा वेग-नियंत्रक) मध्येच बंद पडल्यावरही शाबूत घरी येते.

उड्डाणानंतर मी दोन मिनिटे देतो. मोटर आणि बॅटऱ्यांना हात लावून तापमान पाहतो, पकडी फिरवून बेअरिंगचा खरखरीतपणा चाचपतो, प्रत्येक लिंक बोटांनी हलवून प्ले तपासतो, मोठ्या गिअरचे दात उजेडाकडे धरून न्याहाळतो. काही वेगळे हाताला लागले, तर त्या दिवशीचे पुढचे उड्डाण रद्द करून यंत्र परत टेबलावर घेतो.