चांगला चहा

दुपारी चारच्या सुमाराला अमराठी पाहुणा पहिला घोट घेतो आणि कौतुकाने म्हणतो, ‘‘चांगला चहा!’’ वाक्य बरोबर, व्याकरण बरोबर, तरी भातात खडा लागावा तसं होतं. ‘चहा’ ठीक आहे, ‘चांगला’मधला च घसरला. पाहुण्याने दोन्ही च एकाच साच्यातून काढले.

कानाला हे त्याच क्षणी कळतं. पण पाहुण्याने ‘‘मग नियम काय?’’ असं विचारलं, की यजमान एकमेकांची तोंडं बघू लागतात.

एक च टाळूचा. जिभेचा मधला भाग वर टाळूला चिकटतो: चहा, चंद्र, चिमणी. दुसरा दातांचा. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मुळाशी टेकतं आणि हवा निसटते: चांदणं, चोर, चाक. अक्षर मात्र एकच. काही कोशकार खाली नुक्ता, म्हणजे टिंब, देतात, एरवी तो कुणी लिहीत नाही. भेळवाल्याकडचं चाट आणि ‘ताट चाट’मधलं चाट लिहायला सारखंच. ‘या जगात जगायचं कसं’ यात तर दोन ज मागोमाग येतात, पहिला टाळूचा, दुसरा दातांचा. शाळेत या दातांच्या उच्चारांसाठी दंततालव्य हा शब्द भेटतो तोवर पोराला घडाघडा बोलायला लागून वर्षं उलटलेली असतात.

पाहुण्याला शिकवायचंच असेल तर त्याला ‘त’ म्हणायला लावावं आणि जीभ फार न हलवता लगेच ‘स’ जोडायला सांगावं. ‘त्सांगला’ जमतं. पण जमलं, की तो उत्साहाने ‘त्सहा’ही मागतो. मग संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द टाळूचे, घरचे बहुतेक दातांचे, अशी समजूत घालावी लागते. तीही पुरत नाही, कारण ‘चार’ घरचाच आणि टाळूचा, तर ‘चौदा’ दातांचा.

खरी गंमत प्रत्ययांत आहे. ‘घराचा’ दातांचा, ‘घराची’ टाळूचा. ‘माझा’ म्हणताना जीभ पुढे, ‘माझी’ म्हणताना मागे. इ, ए किंवा य शेजारी आला की तो जिभेला टाळूकडे ओढतो. हीच ओढ ‘ससा’चं ‘सशाला’ करते, ‘खिसा’चं ‘खिशात’. तिथे लिपी स बदलून श लिहिते, च-ज-झच्या बाबतीत गप्प बसते. तीन वर्षांचं पोर ‘माझा चेंडू, माझी गाडी’ म्हणून भांडतं तेव्हा हा सगळा हिशेब बिनचूक चालू असतो, आणि भांडण तर चेंडूचं असतं.

1967 साली आर्थर रेबर या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरमाळा पाठ करायला दिल्या. त्या एका छुप्या नियमाने रचलेल्या होत्या. नंतर नव्या माळा दाखवल्या तेव्हा नियमातली कुठली, बाहेरची कुठली, हे मुलांनी नुसत्या अंदाजाने जमेल त्याहून बरंच बरोबर ओळखलं. नियम मात्र नीट सांगता येईना. पुढे यावर वाद झाले. नियमबियम काही नाही, मुलांना अक्षरांचे तुकडे ओळखीचे झाले होते, एवढंच, असं काहींचं म्हणणं.

‘च’ची गोष्टही तशीच असेल? एकेक शब्द ऐकून साठवलेला? मग ‘टोसा’ नावाचा प्राणी आहे असं समजा. त्याला चारा घालायचाय. कुणाला? तोंडातून ‘टोशाला’च येतं ना? हा शब्द आजवर कुणी ऐकलेला नाही. (भाषेच्या अभ्यासक जीन बर्को यांनी 1958 साली इंग्रजी बोलणाऱ्या मुलांपुढे ‘वग’ नावाचं चित्रातलं पाखरू ठेवलं होतं ते याचसाठी. एकाची दोन झाली तेव्हा पोरांनी अनेकवचन बिनदिक्कत करून टाकलं.) म्हणजे ऐकीव साठ्यापलीकडे आत काहीतरी आहे, आणि ते आपल्याला विचारून कामाला लागत नाही.

आपण ज्याला जाणीव म्हणतो, तिला यातलं काय कळतं? फार तर चूक. बिनचूक चाललेलं असताना तिला पत्ता नसतो, पाहुणा घसरला की ती जागी होते आणि मागाहून कारण जुळवते. ‘‘कानाला बरं नाही वाटत,’’ हे यजमानाचं उत्तर पाहुण्याला टोलवाटोलवी वाटतं. माझ्या मते त्या खोलीतलं सगळ्यात प्रामाणिक उत्तर तेच असतं.

‘पिझ्झा’तला झ कुठला, हे मात्र अजून ठरायचंय. ‘पिझ्झाचा’ की ‘पिझ्झ्याचा’, हेही.