पहिल्या ओळीआधीचे काम

गो या प्रोग्रॅमिंग भाषेवर उभारलेली माझी छोटी लिस्प, म्हणजे लिस्प या जुन्या भाषाकुळातली माझी स्वतःची भाषा, आता रोजच्या कामात वापरण्याजोगी झाली आहे. परंतु सर्वाधिक श्रम लागले ते भाषा घडवण्यात नव्हे, तर ती चटकन सुरू करण्यात. फाइलींची नावे बदलणाऱ्या दहा ओळींच्या स्क्रिप्टसाठी ताटकळावे लागले, तर माणूस पुन्हा शेलकडे, म्हणजे कमांड टाइप करून काम करण्याच्या नेहमीच्या साधनाकडे, वळतो, आणि मला ही भाषा नेमकी अशाच कामांसाठी हवी होती.

रिच हिकी यांची 2007 मधली क्लोजर ही लिस्प मला फार प्रिय आहे. तिच्या स्क्रिप्टला सुरू होताना लागणाऱ्या विलंबाचे खापर सर्रास जेव्हीएमवर, म्हणजे ती ज्यावर चालते त्या जावाच्या आभासी यंत्रावर, फुटते, पण त्यातला मोठा वाटा क्लोजरच्या स्वतःच्या मूळ लायब्ररीचा असतो, कारण तिच्यातली शेकडो फंक्शने आणि मॅक्रो (कोड चालण्याआधी त्याचा विस्तार करून नवा कोड देणारे नियम) दर वेळी मेमरीत नव्याने मांडावी लागतात. क्लोजरच्या स्क्रिप्ट झटपट चालवणाऱ्या बाबाश्का या साधनाने हे काम बिल्डच्या वेळीच, म्हणजे प्रोग्रॅम तयार करतानाच, उरकले: ग्रालव्हीएम या साधनसंचाच्या नेटिव्ह इमेज या सोयीमुळे ही मांडणी बायनरीतच, म्हणजे थेट चालणाऱ्या फाइलीतच, तयार मिळते. त्या बदल्यात चालू प्रोग्रॅममध्ये नवा बाइटकोड (जेव्हीएमसाठी कंपाइल केलेला कोड) लोड करता येत नाही, म्हणून बाबाश्काच्या पोटात एससीआय हा क्लोजरचा कोड कंपाइल न करता चालवणारा इंटरप्रिटर आहे. ही युक्ती मुळात लिस्पच्याच घरातली. ईमॅक्स हा लिस्पवर चालणारा एडिटर कित्येक दशके आपली तयार अवस्था अशीच साठवून तिथूनच सुरू होत आला आहे.

गोची बायनरी मुळातच लवकर सुरू होते, त्यामुळे माझ्याकडचा उशीर माझ्याच रचनेतला होता. मूळ लायब्ररी मी लिस्पमध्येच लिहिली होती, आणि ती प्रत्येक वेळी वाचून तिच्यातल्या मॅक्रोंचा विस्तार होत असे. तो विस्तार बिल्डमध्ये करून मी त्यातून गोचा कोड तयार केला, तरी अपेक्षेइतका फरक पडेना, कारण चिन्हांची, म्हणजे भाषेतल्या नावांची, यादी मी मॅपमध्ये (नावावरून मूल्य देणाऱ्या तक्त्यात) ठेवली होती आणि गोमध्ये मॅप प्रोग्रॅम सुरू होतानाच भरला जातो, तर साध्या स्ट्रक्टांचा (ठरावीक रकान्यांच्या नोंदींचा) अ‍ॅरे कंपायलर बायनरीत आयता मांडून ठेवू शकतो. मॅपच्या जागी क्रमवार लावलेला अ‍ॅरे आणि त्यात बायनरी सर्च (दर वेळी यादी निम्मी करत शोधणे), एवढ्या बदलाने तो उशीर गेला.

वापरकर्त्याने स्वतः लिहिलेल्या मॅक्रोंचा विस्तार मात्र अजूनही दर वेळी होतो. त्यासाठी कॅशे, म्हणजे एकदा झालेला विस्तार फाइलीत साठवून पुन्हा वापरणे, करून पाहिला. पण छोट्या स्क्रिप्टमध्ये कॅशेची फाइल उघडून तिचा ताजेपणा तपासण्यातच विस्तारापेक्षा जास्त वेळ जाऊ लागला, म्हणून तो काढून टाकला.