जिन्याच्या दाराला वीट लावू नका

बऱ्याच बिल्डिंगांमधे जिन्याला एक जड दार असतं, आपोआप बंद होणारं, आणि बऱ्याच ठिकाणी कोणीतरी त्याला वीट नाहीतर कुंडी लावून ते कायमचं उघडं करून ठेवलेलं असतं. कारणं सगळी पटण्यासारखीच असतात हो. सामान घेऊन जाताना दार अंगावर येतं, आवाज होतो, म्हाताऱ्या माणसांना ढकलत नाही, हवा येत नाही. आगीचे जेवढे म्हणून नियम आहेत त्यातला सगळ्यात जास्त आणि सगळ्यात निर्धास्तपणे मोडला जाणारा नियम हाच असावा. म्हणून आज फक्त दारांबद्दल लिहितोय, बाकी एक्स्टिंग्विशर, स्प्रिंकलर वगैरे परत कधीतरी.

हे डोक्यात बसलं ते आमच्याकडे फायर ब्रिगेडची माणसं ड्रिल घ्यायला आली तेव्हा. सगळ्यांना उत्सुकता एक्स्टिंग्विशर चालवून बघायची, पोरं तर पिन ओढायला रांग लावून उभी, आणि त्यांचे साहेब मात्र आधी जिन्यापाशी जाऊन दार सोडून बघतायत, पूर्ण बंद होतंय की मधेच अडकतंय. एका काकांनी सांगितलं, अहो साहेब ते बंद ठेवलं तर हवा येत नाही. तर ते म्हणाले, काका, हवा येऊ नये म्हणूनच ते दार आहे. सगळे हसले, पण मुद्दा तोच आहे. जिथून हवा येते तिथूनच धूर येतो, आणि आगीलाही हवाच लागते.

आगीत माणसं जळून मरतात असं आपण धरून चालतो, पण पुष्कळदा ती धुरानेच जातात, ज्वाळा त्यांच्यापर्यंत पोचलेल्याही नसतात. आता घरात सगळीकडे फोम, प्लास्टिक, सिंथेटिक कापड. सोफ्यातला फोम जळला की कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायूही निघतो, आणि झोपेतल्या माणसाला वासाने जाग येईल याची खात्री अजिबात नसते (म्हणून तर स्मोक अलार्म लागतो, नाक पुरत नाही). अमेरिकेत यूएल नावाच्या सुरक्षेच्या चाचण्या घेणाऱ्या संस्थेने मुद्दाम खोल्या पेटवून बघितल्या आहेत. नव्या पद्धतीच्या फर्निचरची खोली तीन ते पाच मिनिटांत एकदम सगळी पेट घेते, ज्याला फ्लॅशओव्हर म्हणतात, आणि जुन्या लाकूड-कापसाच्या सामानाच्या खोलीला त्यासाठी अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागला. आणि त्यांचीच दुसरी गोष्ट, जी वाचून मी आमच्या घरातली सवय बदलली: बाहेर आग असताना बेडरूमचं दार उघडं असेल तर आतलं तापमान 500 अंश सेल्सियसच्या वर जाऊ शकतं, आणि बंद असेल तर 40च्या आसपास राहू शकतं. दार कसलं तर साधं, घरातलं, काही खास फायररेटेड (आग ठरावीक वेळ अडवणारं) वगैरे नाही. म्हणजे बंब येईपर्यंतची जी काही मिनिटं असतात ना, ती एक साधं दार मिळवून देतं.

आता जिन्याकडे या. न्यूयॉर्कमधे ब्राँक्सला 9 जानेवारी 2022ला एका 19 मजली बिल्डिंगला आग लागली, खालच्या मजल्यावरच्या एका घरात, खोली गरम करायच्या इलेक्ट्रिक हीटरमुळे. ज्वाळा त्या घरात आणि बाहेरच्या पॅसेजमधेच राहिल्या जवळजवळ, वरच्या मजल्यांपर्यंत गेल्याच नाहीत. तरी 17 माणसं गेली, त्यात लहान मुलं होती, आणि सगळी धुराने. कारण घरातली माणसं बाहेर पळाली तेव्हा मागचं दार आपोआप बंद व्हायला हवं होतं ते झालं नाही, आणि वर जिन्याचं एक दारही उघडं राहिलं. मग जिना म्हणजे धुराडंच झालं, खालचा धूर थेट वर. आणि तिथे कायदा नव्हता असंही नाही, आपोआप बंद होणारी दारं त्या शहरात सक्तीची होती. दारं होती पण बंद होत नव्हती, एवढाच काय तो फरक.

म्हणून जिन्याचं हे फायर डोअर, म्हणजे आग-धूर अडवणारं दार, नुसती जाड फळी समजू नका. फ्रेम, बिजागऱ्या, वरचा क्लोजर (दार आपोआप ओढून बंद करतो तो), कडेची पट्टी हे सगळं मिळून ते दार असतं. ती कडेची पट्टी गंमतशीर आहे, उष्णता लागली की फुगते आणि दाराची फट बुजवते. म्हणून फट साधारण 3 मिमीच ठेवतात, खालून दार घासतंय म्हणून सुताराकडून इंचभर तासून घेतलं किंवा केबल टाकायला भोक पाडलं की झालं, दिसायला दार आहे पण कामाचं नाही. आणि ज्यांना खरंच दार उघडं ठेवायची गरज आहे, हॉस्पिटलसारख्या जागी स्ट्रेचर सारखे जातात तिथे, त्यासाठी चुंबकाचे होल्डर मिळतात, अलार्म वाजला की चुंबक सोडून देतो आणि दार बंद. म्हणजे विटेला पर्याय आहे, फक्त तो बसवायला कोणालातरी उठावं लागतं.

हे झालं बंद राहायच्या दारांचं. दुसरी बाजू याच्या बरोबर उलटी, जी दारं उघडलीच पाहिजेत त्यांची, आणि तिथला इतिहास वाचताना पोटात गोळा येतो. शिकागोचं इरोक्वॉय थिएटर, 30 डिसेंबर 1903. जाहिरातीत 'पूर्णपणे अग्निरोधक' म्हणून मिरवलेलं, उघडून जेमतेम पाच आठवडे झालेले. कमीत कमी 602 माणसं गेली. काही दारं पडद्यामागे झाकलेली, काहींच्या कड्या अशा की लोकांना उघडताच येईनात, काही आतल्या बाजूला उघडणारी. आत उघडणाऱ्या दारावर मागून गर्दी रेटत असेल तर पुढचा माणूस ते स्वतःकडे ओढणार कसं, सांगा ना. कार्ल प्रिन्झलर नावाचा एक हार्डवेअरचा सेल्समन त्या खेळाला जाणार होता, कामामुळे राहिला, आणि नंतर त्याने आणखी एकाला धरून ती आडवी दांडी तयार करवून घेतली, नुसता अंगाचा भार पडला की दार बाहेर उघडतं ती. पॅनिक बार म्हणतात तिला, 1908च्या सुमारास बाजारात आली. मॉलमधे, सिनेमागृहात तुम्ही ती ढकलून बाहेर आला असालच.

तरी पुढे 1911ला न्यूयॉर्कच्या ट्रँगल फॅक्टरीत 146 कामगार गेले, बहुतेक तरुण मुली, कारण चोरी होऊ नये म्हणून मालकांनी नवव्या मजल्यावरचं एक दार कुलूप लावून ठेवलं होतं, आणि फायर ब्रिगेडची शिडी जेमतेम सहाव्या मजल्यापर्यंत पोचत होती. 1942ला बॉस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह क्लबमधे 492. तिथे मुख्य दार गोल फिरणारं, दोन्हीकडून माणसं रेटल्यावर ते जाम. आता फिरत्या दाराच्या बाजूला साधी बाहेर उघडणारी दारं दिसतात ना, ती तेव्हापासूनची. चोराची भीती रोज वाटते आणि आगीची वाटत नाही, हा सगळा घोळ तिथेच आहे. त्यावरचा नियम तसा सोपा आहे, बाहेरून कुलूप हवं तेवढं लावा पण आतून किल्लीशिवाय, एका हाताने, अंधारात उघडलं पाहिजे.

आता फायर ब्रिगेडकडे वळतो. आपण त्यांना फक्त आग लागल्यावर फोन करतो, फार तर लिफ्टमधे कोणी अडकलं, गॅस गळतोय, झाड पडलंय, मांजर कुठे अडकलंय तेव्हा. पण नव्या बिल्डिंगांचे नकाशे तपासणं, इमारतींची तपासणी, शाळा-ऑफिसांत ड्रिल, आगीनंतर कारण शोधून रिपोर्ट देणं (इन्शुरन्सवाले तो मागतातच) हेही त्यांचंच काम, आणि पुष्कळ शहरांत विनंती केली की ते येऊन बघून जातात. लोक बोलवत का नाहीत तर नोटीस मिळेल म्हणून. मला हे कळत नाही खरंच, डॉक्टरने बीपी मोजू नये म्हणून दवाखान्यात न जाण्यासारखं आहे हे. नियम शहराप्रमाणे बदलतात, किती उंचीच्या बिल्डिंगला काय लागतं, तपासणी किती वर्षांनी, पॅसेजमधे काय चालतं, तेव्हा आपल्या शहराच्या अग्निशमन दलाच्या साइटवर बघा किंवा सरळ त्यांच्या ऑफिसला फोन लावा, इमर्जन्सीच्या नंबरवर नाही, त्यांच्या ऑफिसच्या.

घरापुरतं म्हणाल तर रात्री झोपताना बेडरूमचं दार लावा. आग लागली तर बाहेर पडा आणि पडताना मागे दार ओढून घ्या, कुलूप नाही, नुसतं ओढून. बंद दाराला आधी तळहाताच्या मागच्या बाजूने हात लावून बघा, गरम असेल तर उघडू नका, खाली ओला टॉवेल कोंबा, खिडकीशी जा आणि फोन करून मजला नि घर नंबर सांगा. लिफ्ट नको, ती पेटलेल्या मजल्यावरच उघडू शकते.

घरात थांबायचं की निघायचं यावर मात्र एकच उत्तर सगळीकडे चालत नाही, ते बिल्डिंग कशी बांधलीय त्यावर आहे. लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या उंच रहिवासी बिल्डिंगमधे 14 जून 2017ला आधी सगळ्यांना घरातच थांबा म्हणून सांगत होते, कारण अशा इमारतीत आग एका घरात कोंडून राहते हे गृहीत होतं. पहिला फोन रात्री 12:54चा, सूचना बदलली 2:47ला. बाहेरच्या क्लॅडिंगने, म्हणजे भिंतींवर बसवलेल्या आवरणाने, आग वर नेली आणि आत कित्येक घरांच्या दारांचे क्लोजर नव्हते किंवा चालत नव्हते, त्यामुळे धूर पॅसेजमधे. 72 माणसं गेली. तेव्हा आपल्या बिल्डिंगसाठी काय ठरलंय ते आधीच विचारून ठेवा.

आणि हो, घराच्या दाराबाहेर जी लोखंडी जाळी असते तिची किल्ली कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत आहे का, पाहुण्यांना आणि मुलांना धरून, ते आज बघा. आतल्या बाजूला दारापाशी खिळ्याला असावी, बाहेरून हात घालून मिळणार नाही एवढ्या अंतरावर. आमच्या मजल्यावरची वीट मी उचलली होती, दोनदा परत आलीय. आता क्लोजर ढिला करून दार हलकं करता येईल का ते मेंटेनन्सवाल्याला विचारलंय, कारण ज्या काकूंना ते ढकलत नाही त्यांची तक्रार खोटी नाहीये.