सिग्नलवरचे एल्डर

ताइचुंगमधील मोठ्या चौकांतला लाल सिग्नल अंगावर येईल इतका लांबतो. खांबावरचे आकडे साठपासून, काही ठिकाणी नव्वदपासून, उलटे उतरू लागतात आणि पांढऱ्या पट्ट्यांनी आखलेल्या चौकोनात, चारचाकींच्या पुढे, स्कूटरवाल्यांचा जथा येऊन उभा राहतो. 2018 च्या सप्टेंबरमध्ये, तैवानमधल्या माझ्या दुसऱ्याच आठवड्यात, अशा एका जथ्यात मला दोन सायकलस्वार दिसले. अंगात पांढरे शर्ट, गळ्यात टाय, डोक्याला हेल्मेट आणि खिशावर काळी पट्टी. आकडा 58 वर असताना त्यांच्यातल्या गोऱ्या मुलाने शेजारच्या स्कूटरवरील बाईंना चिनी भाषेत काहीतरी विचारले. बाईंनी तोंडावरचा मास्क न काढता उत्तर दिले, तो पुढे बोलत राहिला, 20 वर आल्यावर त्याने एक कार्ड पुढे केले, ते बाईंनी घेतलेही. मग हिरवा दिवा लागला आणि त्या क्षणात चौकोन रिकामा झाला. मागे राहिलेले दोघे पुढच्या सिग्नलच्या दिशेने पॅडल मारू लागले.

कंपनीने मला आठ महिन्यांसाठी तिथे पाठवले होते. ताइचुंग आणि त्याच्या भोवतीचा पट्टा यंत्रे घडवणाऱ्या यंत्रांसाठी जगभर ओळखला जातो आणि चाकणच्या कारखान्यात येऊ घातलेले लेथ तिथेच तपासून घेणे हे माझे काम होते. संध्याकाळी करण्यासारखे फारसे काही नसे. कारखान्यातला एक सहकारी दर बुधवारी मॉर्मन चर्चच्या, म्हणजे अमेरिकेत जन्मलेल्या एका ख्रिस्ती पंथाच्या, फुकट इंग्रजी वर्गाला जाई. एकदा तो मलाही घेऊन गेला आणि तिथे फळ्यापाशी सिग्नलवरचे तेच दोघे उभे होते. एक अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातला, बटाट्याची शेती असलेल्या घरातला. दुसरा टोंगा बेटांवरचा, दारातून आत येताना मान खाली घालावी लागेल असा धिप्पाड. वर्ग संपल्यावर ज्यांना थांबायचे असेल त्यांच्यासाठी धर्माविषयी थोडे बोलणे होई. बहुतेक जण चपला शोधू लागत.

खिशावरच्या काळ्या पट्टीवर चिनी लिपीत त्यांचे आडनाव आणि पुढे ‘चांगलाओ’ असे लिहिलेले असे. हे ‘एल्डर’ या इंग्रजी पदवीचे चिनी रूप असून त्याचा सरळ अर्थ वयोवृद्ध असा होतो. मराठी बायबलमध्ये या जागी ‘वडील’ हा शब्द आहे. एकोणीस वर्षांच्या, हनुवटीवर मुरुमे असलेल्या मुलाला सत्तरीच्या आजीबाई ‘चांगलाओ’ म्हणून हाक मारत, तेव्हा तिथे कोणाला त्यात काही वावगे वाटत नसे. मला मात्र दर वेळी हसू येई. पहिल्याच भेटीत मी ‘मॉर्मन’ हा शब्द वापरला, तेव्हा आयडाहोच्या मुलाने नम्रपणे मला अडवले. त्याच ऑक्टोबरमध्ये त्यांच्या अध्यक्षांनी हे टोपणनाव टाळावे आणि ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ असे पूर्ण नाव घ्यावे, असे जाहीर केले होते. एवढे लांब नाव साठ सेकंदांत कसे बसवता, असे मी विचारले. ‘चिनीत तर आणखी वेळ लागतो,’ असे उत्तर आले.

या चर्चमध्ये मुले अठराव्या वर्षापासून दोन वर्षांसाठी आणि मुली त्या काळी एकोणिसाव्या वर्षापासून दीड वर्षासाठी धर्मप्रसाराच्या अशा कामावर जात असत. कुठे जायचे हे स्वतः ठरवता येत नाही; अर्ज करायचा आणि सॉल्ट लेक सिटीतील मुख्यालयातून येणाऱ्या पत्राची वाट पाहायची. आयडाहोच्या मुलाने तैवान हे नाव पत्रातच पहिल्यांदा नीट वाचले होते. मग युटाह राज्यातील प्रोव्हो येथील प्रशिक्षण केंद्रात सुमारे नऊ आठवडे चिनी भाषा आणि त्यानंतर थेट विमान. पगार मिळत नाही, उलट घरच्यांनीच पैसे भरायचे. तेव्हा ही रक्कम महिन्याला 400 डॉलर होती, म्हणजे दोन वर्षांचे 9,600 डॉलर. त्यासाठी त्याने शाळेत असल्यापासून उन्हाळ्यात शेतातले सिंचनाचे पाइप हलवण्याचे काम केले होते.

दिवस सकाळी साडेसहाला सुरू होतो आणि रात्री साडेदहाला दिवे मालवले जातात. व्यायाम, धर्मग्रंथाचे वाचन, भाषेचा अभ्यास आणि मग रस्ता. टीव्ही नाही, चित्रपट नाही, प्रेमप्रकरण तर नाहीच. जोडीदाराला सोडून एकट्याने कुठे जायचे नाही. दोघांनी कायम एकमेकांच्या नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात राहायचे. हा जोडीदारही आपण निवडत नाही. दर सहा आठवड्यांनी बदल्यांचा निरोप येतो आणि कोणी कोणाबरोबर कुठल्या गावात राहायचे हे वरून ठरते. या मुलाच्या आयुष्यात सर्वांत अवघड काय असेल, याची मी बरीच कल्पना केली होती. त्याने सांगितले की उकाडा नव्हे, भाषाही नव्हे, तर आदल्या जोडीदाराचे घोरणे सर्वांत अवघड गेले.

सोमवार हा त्यांचा तयारीचा दिवस. त्या दिवशी कपडे धुणे, बाजारहाट, केस कापणे, घरी पत्र लिहिणे. एका सोमवारी मी दोघांना माझ्या खोलीवर पोह्यांना बोलावले. चहा टाकायला निघालो आणि आठवले, की चहा, कॉफी, दारू आणि तंबाखू यांना त्यांच्यात 1833 मधल्या एका उपदेशाच्या आधारे मनाई आहे. ताइचुंगसारख्या शहरात, जिथे दर पन्नास पावलांवर थंड चहाचे दुकान आणि साबुदाण्यासारख्या काळ्या गोळ्यांचा बबल टी मिळतो, तिथे चहाला नाही म्हणत दोन वर्षे काढणे म्हणजे पुण्यात राहून अमृततुल्यापुढून रोज मान वळवून जाण्यासारखे आहे. ते कोहळ्याचे गोड सरबत पीत. मी लिंबाचे सरबत केले. टोंगाच्या मुलाने पोह्यांच्या चार बशा संपवल्या आणि मिरचीसाठी आईला कळवण्याजोगा एक शब्द मागितला.

त्या दिवशी मी त्यांना सांगितले की त्यांच्याआधी त्यांचा एक माणूस माझ्या गावी येऊन गेला आहे. 1851 मध्ये ह्यू फिंडले नावाचा मॉर्मन धर्मप्रसारक मुंबईत उतरला, पुढे पुण्यात आला, लष्कराच्या वस्तीत त्याला प्रवेश नाकारण्यात आला, तरी त्याने मूठभर माणसांची एक शाखा उभी केली आणि ती 1850 च्या दशकातच विरून गेली. हे मी नुकतेच वाचले होते आणि या कामातला फोलपणा त्यांच्या ध्यानात यावा, असा माझा थोडासा खवचट हेतूही होता. आयडाहोच्या मुलाने गंभीरपणे विचारले, ‘मूठभर म्हणजे साधारण किती?’ आणि मग जोडीदाराकडे पाहून म्हणाला, ‘म्हणजे आपल्यापेक्षा बरेच.’

धर्मांतराबाबतचे माझे मत त्या आठ महिन्यांत बदलले नाही. आमच्या घरी मिशनरी हा शब्द नेहमी जरा आवाज उतरवून उच्चारला जाई आणि त्यामागचा संशय माझ्यातही आहे. एकदा ताइचुंगच्या जुन्या वस्तीतल्या गल्लीत त्यांच्याबरोबर तासभर फिरलो, तेव्हा तो संशय जिथे पोहोचायला हवा तिथे पोहोचलाच नाही, कारण दारे उघडतच नव्हती. ‘बू युंग, श्ये श्ये’, म्हणजे नको, आभारी आहे. एका काकांना ते विम्याचे एजंट वाटले. एकाने, तुम्हा लोकांना चार-चार बायका असतात ना, असे विचारले. 1890 मध्येच चर्चने ती प्रथा सोडली, हे उत्तर पूर्ण होण्याआधी दार लागले. शेवटी एका आजींनी आत बोलावले. दिवाणखान्यात लाल दिव्यांच्या उजेडात पूर्वजांच्या नावांची लाकडी पाटी होती आणि तिच्यापुढे संत्री ठेवलेली होती. तैवानमध्ये हा धर्म अडतो तो इथे. बाप्तिस्मा घेतल्यावर या पाटीपुढे उदबत्ती कोण लावणार? आयडाहोच्या मुलाने आजींना सांगितले की आमच्याकडेही पूर्वजांची नावे शोधून काढतात, त्यांच्यासाठी मंदिरात विधी करतात, ताइपेमध्ये 1984 पासून असे मंदिर आहे. आजी सगळे शांतपणे ऐकून तैवानी बोलीत काहीतरी म्हणाल्या, जे त्या दोघांना कळले नाही आणि मला तर नाहीच. मग त्यांनी आम्हा तिघांना एकेक संत्रे दिले.

आयडाहोचा मुलगा आकड्यांची वही ठेवी. आठवड्यात किती जणांशी बोललो, किती जण दुसऱ्यांदा भेटले. दुसरा रकाना बहुधा शून्य असे. आमच्या कारखान्यात नाकारलेल्या नगांचे प्रमाण असे असते तर ती शाखा एका दिवसात बंद झाली असती. पण त्याच्या बोलण्यात कटुता मला एकदाच जाणवली आणि तीही नाताळानंतर. तोवर घरी फोन करण्याची मुभा वर्षातून दोनदाच होती, नाताळ आणि मातृदिन. एरवी आठवड्याला एक ईमेल. फोनवर आजोबांचा आवाज बारीक झाल्यासारखा वाटला, असे तो म्हणाला आणि पुढचा सबंध वर्ग टोंगाच्या मुलाने घेतला. फेब्रुवारी 2019 मध्ये, चिनी नववर्षाच्या सुट्टीनंतर, चर्चने नियम बदलला आणि दर आठवड्याला घरी बोलायची परवानगी मिळाली. पहिल्या सोमवारनंतर मी विचारले, काय बोललात? पंधरा मिनिटांनी विषयच संपले, असे तो ओशाळून म्हणाला. आईला सांगण्याजोगे इंग्रजी शब्द त्याला पटकन आठवत नव्हते.

एप्रिलमध्ये ताइचुंगजवळच्या दाच्या गावातून मात्सू देवीची पालखी निघाली. नऊ दिवसांत तीनशेहून अधिक किलोमीटर, वाटेत लोकांनी मांडलेले फुकट जेवण, पाणी, पाय चेपून देणारे स्वयंसेवक आणि पालखी डोक्यावरून जावी म्हणून रस्त्यावर पालथे झोपलेले हजारो भाविक. वारी पाहिलेल्या माणसाला यातले काहीच परके वाटत नाही. मी एक दिवस चाललो आणि दुसऱ्या दिवशी कामावर लंगडत गेलो. तो मात्र पालखी पाहायला आला नाही. त्याचे आठ महिन्यांतले तैवान म्हणजे नेमून दिलेला एक भाग. नेमल्या हद्दीबाहेर परवानगीवाचून जाता येत नाही, म्हणून सन मून लेक नाही, तारोकोची दरी नाही. मी शनिवार-रविवारी हे सगळे पाहून, फोटो काढून मोकळा झालो होतो. पण कुठल्या गल्लीतला कुत्रा सायकलमागे धावतो, कुठल्या आजोबांचा मुलगा कॅनडातून फोन करत नाही आणि कोणते भाजीवाले दुपारी तीनला दुकानातच झोपतात, हे मला आठ काय ऐंशी महिन्यांतही कळले नसते.

त्या महिन्याच्या शेवटी त्याची बदली दक्षिणेला च्याई शहरात झाली. मेमध्ये, परत निघण्याआधी, मी आलीशान डोंगराकडे जायला निघालो. तिकडची छोटी गाडी, जी तेव्हा वाटेतल्या फेनचीहू गावापर्यंतच जाई, च्याईहूनच सुटते. सोमवार होता, म्हणून तो सकाळी साध्या कपड्यांत स्टेशनजवळच्या नाश्त्याच्या दुकानात भेटायला आला. बरोबर नवा जोडीदार होता, प्रोव्होहून येऊन जेमतेम आठवडा झालेला, आणि त्याला तयार करण्याचे काम आता याच्याकडे होते. वर डोंगरात थंडी असेल का, असे त्याने मला विचारले आणि स्वेटर घेतला आहे ना, याची खात्री करून घेतली.

नव्या मुलाने उभे राहून, घोकून ठेवलेल्या वाक्याने, तीन सोयाबीनचे दूध मागवले. गल्ल्यावरच्या आजी त्याच्याकडे पाहत राहिल्या आणि तैवानी बोलीत भराभर काहीतरी म्हणाल्या. मुलगा लाल झाला. आयडाहोच्या मुलाने टेबलावरून न उठता त्याच बोलीत उत्तर दिले, दोन वाक्ये, आणि आजी इतक्या मोठ्याने हसल्या की आतून त्यांचे यजमान बाहेर आले. काय म्हणाल्या, असे मी विचारले. ‘तिघांपैकी दोघांना गोड हवे की तिघांनाही, एवढेच,’ तो म्हणाला आणि उठून पेले आणायला गेला.