पाकीट फोडलेलंच नव्हतं

इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये एका सल्ला केंद्रात मी बेनिफिटच्या, म्हणजे सरकारी भत्त्यांच्या, केसेस बघते. 2025 च्या जानेवारीतली एक केस अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय.

साठीला टेकलेले गृहस्थ, एकटेच राहणारे, कित्येक वर्षं ईएसएवर, म्हणजे आजारपणामुळे काम न करू शकणाऱ्यांच्या भत्त्यावर. आल्या आल्या म्हणाले, "पैसे आलेच नाहीत, मी डक." (म्हणजे 'माझं बदक', इकडे कुणालाही मायेने असंच म्हणतात.) सोबत बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात सगळी सरकारी खाकी पाकिटं, एकही फोडलेलं नाही. तिसरं फोडलं ते मायग्रेशन नोटीसचं निघालं. जुने सहा बेनिफिट बंद होऊन ते घेणाऱ्या, पेन्शनच्या वयाखालच्या लोकांना युनिव्हर्सल क्रेडिट या एकाच नव्या भत्त्यावर जायचं होतं, पण आपोआप काहीच होत नव्हतं, नोटीस आल्यावर तीन महिन्यांत स्वतः क्लेम टाकायचा नाहीतर जुने पैसे थांबायचे. यांची डेडलाइन होऊन 26 दिवस झाले होते. ज्या माणसाला पाकीट उघडायचीच धास्ती, त्याच्यावर अशी तारीख लादायची, हे मला आजही पटत नाही.

पण डेडलाइननंतर महिनाभराची एक शेवटची मुदत असायची. त्यात क्लेम गेला तर तो डेडलाइनच्याच दिवशी केला असं धरायचे आणि ट्रान्झिशनल प्रोटेक्शन, म्हणजे बदलताना पैसे कमी पडू नयेत म्हणून मिळणारी भरपाई, वाचायचं. एकटं राहणाऱ्या अपंग माणसाला मिळणारा सिव्हिअर डिसॅबिलिटी प्रीमियम, तेव्हा आठवड्याला 81.50 पौंड, नव्या सिस्टीममध्ये नाहीच. तो फरक या प्रोटेक्शनमधूनच भरून निघतो, म्हणजे मुदत हुकली की गेलाच.

मग बसलो. ईमेल नव्हता, तो काढला, पासवर्ड त्यांनी बॉलपेनने डब्याच्या झाकणावर आतून लिहून ठेवला, आम्ही फॉर्म भरत होतो आणि ते मध्येच उठून खिडकीपाशी जायचे, परत यायचे. अडीच तास लागले. सबमिट झाल्यावर त्यांनी विचारलं, "पैसे कमी होणार का?" मी म्हटलं, "नाही होणार."

एप्रिलनंतर परत आले. या वेळी डबा नव्हता, पाकिटं फोडून हातात धरलेली, त्याचंच मला किती बरं वाटलं! भाडं वाढलं होतं. युनिव्हर्सल क्रेडिटमधला भाड्याचा भाग वाढला, वार्षिक वाढही मिळाली, आणि तेवढीच रक्कम प्रोटेक्शनमधून वजा झाली. नियमच तसा आहे, बाकीचे बहुतेक भाग जसे वाढतील तसं प्रोटेक्शन झिजत जातं. टोटल तेवढीच राहिली, पण भाडं देऊन हातात उरायचं ते कमी झालं. "तुम्ही नाही म्हणाला होतात," एवढंच बोलले, आवाज चढवला नाही.

आता मी सबमिटच्या आधी कागदावर आकडा लिहून दाखवते आणि तो पुढे कसा खाली येईल तेही सांगते. त्या दिवशी हे मला माहीत होतं. ते इतके घाबरलेले होते की मी बोललेच नाही.